बुटांसकट पाण्यात

स्विमरनची शर्यत पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास खटकते. ही माणसं बूट घालून पोहतात, आणि पोहून खडकावर चढली की अंगातला वेटसूट तसाच ठेवून पळत सुटतात. ट्रायथलॉन पाहिलेल्याला तर हे सगळं अर्धवट वाटतं. तिथं पोहून आलं की सूट काढायचा, सायकल घ्यायची, सायकल ठेवली की पळायचे बूट चढवायचे. एका आवारात सगळं ओळीनं मांडलेलं असतं. स्विमरनमध्ये मांडून ठेवायला जागाच नसते, कारण बेटाच्या एका टोकाला पाण्यातून वर आलेला माणूस दुसऱ्या टोकाला पाण्यात उतरतो आणि मागे वळून येत नाही. म्हणून नियम असा की जे घेऊन निघालात ते शेवटपर्यंत आपल्याबरोबर न्यायचं. जड झालं, नकोसं झालं म्हणून वाटेत टाकलं, तर शर्यतीतून बाद.

साहित्य, सराव, जोडीदाराची निवड, सगळी तयारी या एका नियमातून निघते.

ही शर्यत जिथं जन्मली ते ठिकाण आधी डोळ्यांपुढे हवं. स्वीडनच्या राजधानीपासून पूर्वेला बाल्टिक समुद्रात स्टॉकहोमचा द्वीपसमूह पसरला आहे. लहानमोठी बेटं आणि नुसते खडक धरून तीस हजारांच्या आसपास. 2002 साली उतो बेटावरच्या एका खानावळीत चौघांनी पैज लावली. खानावळीचे मालक अँडर्स माल्म त्यात होते. दोघा-दोघांच्या जोड्या करायच्या आणि बेटांवरून पळत, मधलं पाणी पोहत सांदहाम्न गाठायचं. वाटेत तीन उपाहारगृहं लागत. जी जोडी मागाहून पोचेल तिनं पुढच्या जोडीनं मागवून ठेवलेलं प्यायचं आणि बिलही भरायचं. पोचायला चोवीस तासांहून जास्त लागले. पुढे मिकाएल लेमेल आणि मॅट्स स्कॉट यांनी 2006 मध्ये त्याची रीतसर शर्यत केली, दिशा उलटी ठेवून: सांदहाम्नहून निघायचं, उतोला पोचायचं. नाव ओतिलो, म्हणजे बेटावरून बेटावर. त्या पहिल्या वर्षी फक्त दोन जोड्या शेवटपर्यंत पोचल्या. आज ही या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आहे, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहा वाजता सुटते.

मार्ग साधारण 75 किलोमीटरचा: 65 पळायचे, 10 पोहायचे, 24 बेटं. चोवीस बेटं म्हणजे मध्ये तेवीस वेळा पाणी, आणि तेवीस वेळा पाणी म्हणजे शेहेचाळीस वेळा काठ ओलांडणं. वर्षागणिक मार्ग थोडाफार हलतो, पण हिशेब फारसा बदलत नाही.

हा हिशेब जरा उलगडून पाहू. एखादी बऱ्यापैकी तयारीची जोडी धरा. जंगलात आणि खडकांवर किलोमीटरला आठ मिनिटं या चालीनं 65 किलोमीटरला 8 तास 40 मिनिटं लागतील. पोहताना शंभर मीटरला सव्वादोन मिनिटं धरली, तर 10 किलोमीटरला पावणेचार तास. बेरीज झाली 12 तास 25 मिनिटं. आता प्रत्येक काठावर एकच मिनिट थांबलं असं समजा: गॉगल शोधणं, झिप ओढणं, जोडीदाराची वाट पाहणं. शेहेचाळीस मिनिटं तिथं गेली. सकाळी सहाला निघालेली ही जोडी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर पोचते. स्टॉकहोमकडे त्या दिवसांत सूर्य पावणेआठच्या आसपास मावळतो आणि वाटेतल्या ठरावीक ठिकाणी वेळेची मर्यादाही असते. सगळ्यात वेगवान जोड्या हेच अंतर आठ तासांच्या आसपास कापतात.

आता काठावरचं मिनिट अर्धं करता आलं तर तेवीस मिनिटं वाचतात. तेवीस मिनिटं पोहण्याच्या वेगातून काढायची तर शंभर मीटरमागे जवळजवळ चौदा सेकंद कमी करावे लागतील. त्याला वयाच्या चाळिशीतल्या माणसाला कैक वर्षं लागतात, आणि तरी जमेलच असं नाही. काठ मात्र एखाद्या महिन्याच्या सरावानं सुधारतो. म्हणून मी तर म्हणेन की स्विमरनची तयारी म्हणजे पोहण्याची तयारी अधिक पळण्याची तयारी, असं मानणाऱ्यानं निम्मीच तयारी केली. या खेळात वेळ, ताकद आणि शुद्ध सगळ्यात जास्त जाते ती काठावर.

साहित्यापासून सुरुवात करू. बूट पायातच राहणार, म्हणजे पोहताना पाय खाली जाणार आणि पाय मारण्याचा उपयोग फारसा होणार नाही. यावर उपाय पुल बॉय, म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा फोमचा तरंगा. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा किंवा भोपळा बांधून उतरलेल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. काम तेच, जागा बदलली. इथं तो इलॅस्टिकच्या पट्ट्यानं एका मांडीला बांधलेला असतो. पळताना फिरवून मांडीच्या बाहेरच्या बाजूला सरकवायचा, पाण्यात उतरताना पुन्हा आत. तरंगणाऱ्या साधनाचा आकार किती असावा यालाही मर्यादा आहे, नाहीतर लोकांनी फळ्याच आणल्या असत्या.

पाय कामातून गेले की सगळा भार हातांवर येतो. म्हणून बहुतेक जण तळहाताला पॅडल लावतात. ही प्लॅस्टिकची पाती प्रत्येक हाताला जास्त पाणी मागे ढकलतात, आणि तितकाच जास्त ताण खांद्यावर टाकतात. पॅडल विकत घेऊन थेट शर्यतीत वापरणं म्हणजे खांदेदुखीला बोलावणं. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत तास-दीड तास, असंच जावं लागतं. खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंसाठी रबरी पट्ट्याचे व्यायाम याच काळात सुरू करावेत. ज्याला पॅडल झेपत नाहीत त्यानं लहान आकाराची घ्यावीत किंवा नुसत्या हातांनी पोहावं. त्यात कमीपणा काही नाही.

वेटसूटची गोष्ट जरा गमतीची आहे. सुरुवातीच्या वर्षांत लोक ट्रायथलॉनचे सूट आणून कात्रीनं गुडघ्यापाशी आणि कोपराशी कापत. आता खास स्विमरनचे सूट मिळतात: पाय गुडघ्यापर्यंत, झिप पुढच्या बाजूला, कमरेला आणि मांडीला पातळ, छातीशी जाड, आत खिसे. झिप पुढे असण्याला कारण आहे. सूट घालून पळताना अंग तापतं. पाठीमागची झिप स्वतःला उघडता येत नाही. पुढची पळता पळता बेंबीपर्यंत खाली ओढता येते. लांब पळायचं असेल तेव्हा अनुभवी लोक सूट कमरेपर्यंत उतरवून बाह्या लोंबत्या ठेवतात. पण ओला सूट परत चढवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. गार पडलेल्या बोटांनी ते किती अवघड जातं हे घरी कळत नाही. म्हणून सरावात प्रत्येक वेळी ते करायचं, एकदा नव्हे.

बुटांबद्दल एवढंच: पाणी आत शिरणारच, ते लगेच बाहेर गेलं पाहिजे. जाळीदार वरचा भाग, कमी गादी, आणि ओल्या दगडावर धरणारं मऊ रबर. तळाचे उंच काटे चिखलात उपयोगी, पण गुळगुळीत खडकावर काट्यांची टोकंच काय ती टेकतात आणि पाय सटकतो. गादीचे जाड बूट पाणी पिऊन बसतात. मोजे पातळ घ्यावेत आणि नाडी अशी बांधावी की पाण्यात सुटणार नाही.

याशिवाय शिट्टी, होकायंत्र, जखमेवर बांधायची पट्टी अशा सक्तीच्या वस्तू असतात. मान, काख आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला घासू नये म्हणून काहीतरी चोपडावं लागतं. पेट्रोलियम जेली सूटच्या निओप्रीन रबराला मानवत नाही, त्याऐवजी त्यासाठीचं वेगळं मलम घ्यावं. मानेवरचा घासलेला चट्टा शर्यतीच्या तिसऱ्या तासाला बोलायला लागतो.

आता काठ. आधी पाण्यातून बाहेर येणं, कारण पडझड तिथं जास्त होते.

स्टॉकहोमकडचे खडक ग्रॅनाइट आणि नाइसचे आहेत. हिमयुगात बर्फाच्या थरांनी घासून ते पाटीसारखे गुळगुळीत केले. बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी जवळजवळ नसते, त्यामुळे पाण्याची रेषा खडकावर साधारण एकाच पट्ट्यात राहते आणि त्या पट्ट्यात शेवाळ धरतं. बाहेर येणाऱ्याला नेमका हाच पट्टा ओलांडायचा असतो, तोही दहा-पंधरा मिनिटं आडवं पोहून आल्यावर. आडव्या शरीराला रक्त डोक्याकडे वर ढकलायची गरज नव्हती. एकदम उभं राहिलं की रक्त खाली उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पायाखाली शेवाळ. घोटा मुरगळायला आणखी काय लागतं?

म्हणून क्रम असा बसवायचा. काठ शंभर मीटरवर आला की डोकं वर काढून काठावर लावलेलं निशाण पाहायचं आणि त्याच्या आसपासची चढायची जागा मनात ठरवायची. शेवटच्या पन्नास मीटरांत थोडे पाय मारायचे, वेगासाठी नव्हे तर पाय जागे व्हावेत म्हणून. तळ हाताला लागेपर्यंत पोहत राहायचं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चालायला गेलेला माणूस हमखास अडखळतो. मग हात टेकवायचे, गुडघे टेकवायचे, आणि शेवाळाचा पट्टा ओलांडेपर्यंत चक्क रांगायचं. कोरडा, फिकट रंगाचा दगड आला की उठायचं. दिसायला हे काही फार शोभिवंत नाही, पण जगज्जेतेही असेच रांगतात. उठल्यावर पहिली तीस पावलं चालीची, त्या वेळात गॉगल कपाळावर, तरंगा बाहेर, झिप खाली. मग पळायचं. हात मोकळे ठेवायचे तर पॅडल मनगटावर सरकवावीत किंवा कमरेच्या पट्ट्यात अडकवावीत. खडकाळ बेट लहान असेल तर ती हातातच राहिलेली बरी, पण हातावर पडायची वेळ आली तर पॅडल घातलेला हात दगड पकडू शकत नाही, हे ध्यानात ठेवावं.

पाण्यात उतरण्याची तयारी पाणी दिसायच्या आधी सुरू होते. दोघांपैकी एकानं ओरडायचं, "दोनशे!" म्हणजे काठ दोनशे मीटरवर आला. झिप वर, टोपी, गॉगल, तरंगा आत, पॅडल. हे सगळं पळता पळता, ठरलेल्या क्रमानं, न विचार करता. क्रम कुठला हे महत्त्वाचं नाही, तो रोज तोच असणं महत्त्वाचं. एक अपवाद: पॅडल सगळ्यात शेवटी, कारण ती चढवल्यावर बोटं झिपच्या कामाची राहत नाहीत.

उतरायच्या आधी दोन सेकंद उंचावर थांबून पलीकडे पाहणं मात्र वाया जात नाही. पाण्यात गेल्यावर डोळे लाटांच्या पातळीवर येतात आणि पलीकडच्या काठावरचं छोटं निशाण दिसेनासं होतं. त्यामुळे निशाणाच्या मागचं काहीतरी मोठं हेरावं: उंच पाइनचं झाड, घराचं लाल छप्पर, टेकडीची खाच. एकामागे एक अशा दोन खुणा मिळाल्या तर फारच चांगलं. कोकणातले मच्छीमार जाळ्याची जागा अशाच दोन खुणा जुळवून धरतात. पुढची खूण मागच्या खुणेवरून सरकायला लागली की समजायचं, प्रवाह आपल्याला नेतो आहे.

तो किती नेतो? समजा पाणी 400 मीटर रुंद आहे आणि तुम्ही शंभर मीटरला दोन मिनिटं या वेगानं पोहता. आठ मिनिटं, म्हणजे 480 सेकंद. बाजूनं सेकंदाला पाव मीटर इतकाच प्रवाह असेल, जो अंगाला जाणवतही नाही, तरी पलीकडे पोचेपर्यंत तुम्ही 120 मीटर बाजूला गेलेले असता. मग काठाकाठानं निसरड्या दगडांवरून परत यायचं. त्यापेक्षा सुरुवातीपासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड ठेवावं. दर सहा-आठ हातांनी एकदा डोळे पाण्याबाहेर काढून खुणा तपासण्याची सवय तलावातच लावून घ्यावी. मान पूर्ण वर काढली की पाय बुडतात. मगरीसारखे नुसते डोळे वर यावेत.

जोडीदार हा या खेळाचा दुसरा नियम. मुळात सुरक्षिततेसाठी तो आला. बेटाबेटांवर, पाण्याच्या मधोमध, मदत लगेच पोचेलच असं नसतं. शेजारी एक माणूस असतोच. दोघांत दहा मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, पाण्यात काय आणि जमिनीवर काय. त्यामुळे मागच्याचा वेग हा जोडीचा वेग. बहुतेक जोड्यांत एक जण पोहण्यात सरस असतो, दुसरा पळण्यात. मग दोरी येते: दोघांच्या कमरपट्ट्यांना जोडणारी अडीच-तीन मीटरची ताणणारी दोरी. पाण्यात पुढचा ओढतो आणि मागचा त्याच्या पावलांमागच्या सुटलेल्या पाण्यात आरामात येतो. चढावर हेच उलट होऊ शकतं. दोरीचा खरा फायदा ओढण्याइतकाच बरोबर राहण्यात आहे. मागे वळून पाहावं लागत नाही. पण उतारावर, मोठ्या दगडगोट्यांत आणि पाण्यातून बाहेर येताना ती सोडवायचीच. एक घसरला की दुसऱ्याला घेऊन जातो.

जोडीदार निवडताना लोक वेग जुळवतात. मी स्वभाव जुळवीन. सहाव्या तासाला, थंडीत, "जरा हळू" हे शब्द ज्याच्या तोंडून निघत नाहीत त्याच्याबरोबर जाऊ नये. आणि ते ऐकून ज्याचं तोंड वाकडं होतं त्याच्याबरोबर तर अजिबात नाही. खाण्याची आठवण कोणी करायची, वाट कोणी पाहायची, कोणाला थंडी आधी वाजते, हे शर्यतीआधी बोलून ठेवावं. पाण्यात बोलता येत नाही, तेव्हा दोन-तीन खुणा ठरवाव्यात. पायाला दोनदा हात लावला की थांब, एवढं पुरतं.

थंडी हा विषय मात्र खुणांनी भागत नाही. सप्टेंबरात तिथलं पाणी बहुधा 10 ते 16 अंशांच्या दरम्यान असतं. मुंबई-मालवणच्या समुद्रात पोहणाऱ्याच्या अंगाला हे आकडे ठाऊक नसतात. पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात वाईट. त्वचा एकदम गार पडली की श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धापा सुरू होतात, नाडी उडते. डोकं पाण्याखाली असताना तो पहिला श्वास ओढला गेला तर नाकातोंडात पाणी जातं. हा शरीराचा प्रतिक्षेप आहे, धैर्याचा आणि त्याचा संबंध नाही. पण तो कमी करता येतो: थंड पाण्यात काही मिनिटं उतरण्याचा पाच-सहा वेळा सराव केला तर धक्का बराच सौम्य होतो आणि ही सवय बरेच महिने टिकते. मोठ्या टाकीत बर्फ घालून हे घरीही करता येतं, मात्र एकट्यानं कधीच नाही, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. स्पर्धेच्या गावी दोन दिवस आधी पोचून रोज एकदा पाण्यात उतरणं हाही चांगला मार्ग.

पुढचा टप्पा बोटांचा. अर्ध्या तासात बोटं जड होतात. खाण्याच्या जेलचं पाकीट फाडता येत नाही, झिपचं टोक सापडत नाही. झिपला लांब दोरा बांधावा, पाकिटांची टोकं आधीच थोडी कापून ठेवावीत.

खोल थंडी भरण्याचा धोका सकाळी नसतो, दुपारनंतर असतो. सकाळी पाय ताजे असतात. पाण्यातून निघालं की जोरात पळून पाच मिनिटांत अंग तापतं. पळणं हीच स्विमरनची शेकोटी आहे. पण आठव्या तासाला पाय चालत नाहीत, उष्णता तयार होत नाही, आणि पुढचं पाणी येतं. म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी थोडी ताकद राखणं हा वेगाचा प्रश्न नसून ऊब टिकवण्याचा प्रश्न आहे. जोडीदाराची जीभ जड झाली, तो अडखळायला लागला, हातातून वस्तू पडायला लागल्या, किंवा विचारलेल्याचं भलतंच उत्तर देऊ लागला, तर पाण्यात उतरू नये. तो "ठीक आहे" म्हणेल. त्याचं ऐकू नये.

बाल्टिकचं पाणी अरबी समुद्राच्या मानानं फारच कमी खारट आहे, जेमतेम पाचवा हिस्सा. याचा एक फायदा: तासन्तास पोहूनही जीभ सुजत नाही. तोटा असा की मालवणच्या समुद्रात जितकं अलगद तरंगतो तितकं तिथं तरंगत नाही. पहिल्या पोहण्यात शरीर थोडं खाली वाटलं तर घाबरू नये.

खाण्याचा नियम: पाण्यातून निघाल्यावर खावं, पाण्यात उतरायच्या तोंडावर नको. पोटात नुकतंच पडलेलं असताना आडवं होऊन छातीवर घट्ट निओप्रीन घेतलं की ते वर येतं. ताशी 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं हा लांबच्या शर्यतींचा नेहमीचा हिशेब इथंही चालतो, पण तो आपल्या पोटानं सरावात मान्य केलेला असला पाहिजे. थंडीत तहान लागत नाही आणि सूटमध्ये घाम तर जातच असतो. वाटेतल्या प्रत्येक केंद्रावर तहान नसली तरी प्यावं.

मग महाराष्ट्रात राहून याची तयारी कशी करायची? पळण्यासाठी सह्याद्रीपेक्षा चांगली शाळा शोधूनही सापडणार नाही. उतारावर लहान पावलं, पाय शरीराखाली, नजर तीन पावलं पुढे. कातळ, मुरूम, मुळं, गवत अशी जमीन दर पाच मिनिटांनी बदलणारी वाट निवडावी. पावसाळ्यातला शेवाळलेला जांभा स्वीडनच्या खडकाइतकाच बेभरवशाचा असतो. त्यावर चालण्याचा, बसण्याचा, रांगण्याचा सराव करावा, पळण्याचा नको. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कालवं उघडी पडतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात, तेव्हा तिथं हातमोजे हवेतच. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये, हे सांगायला नको.

पोहण्याच्या सोयीचा प्रश्न जास्त अवघड. धरणांच्या जलाशयांत उतरायला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती मोडण्यात अर्थ नाही. तरणतलावात बूट घालून उतरलात की जीवरक्षकाची शिट्टी वाजणारच. आधी परवानगी काढावी, नवे किंवा स्वच्छ धुतलेले बूट न्यावेत, गर्दी नसलेली वेळ मागावी. उघड्या पाण्याची सवय हवी असेल तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होतात, कोल्हापुरात राजाराम तलावावर ट्रायथलॉन होत आली आहे. अशा आयोजनांत बचावाच्या होड्या आणि माणसं असतात. जाड वेटसूट घालून आपल्याकडच्या कोमट पाण्यात तासभर पोहणं मात्र टाळावं. अंगातली उष्णता बाहेर जायला वाव राहत नाही आणि माणूस पाण्यातसुद्धा उष्माघाताच्या दाराशी पोचतो. इथं तरंगा, पॅडल आणि बूट यांचा सराव करावा; सूटचा सराव पहाटे, थोडा वेळ आणि मुख्यतः घालण्या-काढण्याचा.

वेळापत्रक म्हणाल तर सहा महिने धरावेत. पहिले तीन महिने पळणं आणि पोहणं वेगवेगळं, दोन्हीत नुसतं पायाभूत बळ वाढवण्यासाठी, संथ आणि लांब. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा मिसळ: दोन किलोमीटर पळणं, 300 मीटर पोहणं, आणि हेच पाच-सहा वेळा. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. ओतिलोतली दोन सर्वांत लांब पोहणी बाजूला काढली तर उरलेल्या एकवीस पोहण्यांची सरासरी सव्वातीनशे मीटर पडते. ओर्नो बेटावरचं वीसेक किलोमीटरचं पळणं वगळलं, तर बाकीच्या बेटांवर सरासरी दोनच किलोमीटर पळायचं असतं. तलावाच्या काठावरचे शंभर मीटर जरी पळण्यासाठी मिळाले तरी मिसळ जमते; काठ ओलांडणं महत्त्वाचं. पोटऱ्यांना गोळे येण्याचा त्रास पहिल्या काही मिसळींत हमखास होतो, कारण पाण्यात बुटाचं टोक ताणून धरलं जातं. पाय सैल सोडून तरंग्यावर भरवसा ठेवला की तो कमी होतो.

स्पर्धेच्या दिवशीचा मार्ग या हिशेबानं वाचला तर वेगळाच दिसतो. सांदहाम्नहून निघाल्यावर किलोमीटर-सव्वा किलोमीटर पळणं, आणि लगेच 1,750 मीटरचं सगळ्यात लांब पोहणं. अंग पुरतं तापलेलं नाही, आजूबाजूला दोन-तीनशे माणसांचे हातपाय. इथं पुढे जायच्या नादी लागू नये. मग रुनमारो, नेमदो आणि त्यांच्या आगेमागे कितीतरी छोटी बेटं: खडक, पाणी, खडक, पाणी. काठांचा सराव इथं वसूल होतो. दिवस बराच चढल्यावर 1,400 मीटरचं उघड्या पाण्यातलं पोहणं येतं, वारा आणि लाटा थेट अंगावर. लोक त्याला डुकराचं पोहणं म्हणतात, आणि वाऱ्याच्या दिवशी त्यात कोणाला अतिशयोक्ती वाटत नाही. त्याआधीच्या बेटावर पोटात काही गेलेलं असावं. पुढे ओर्नो, रुंद कच्चा रस्ता. इथं सूट कमरेवर उतरवून बरेच जण सकाळपासूनचा वेळ भरून काढायला जातात आणि उरलेलं सगळं जाळून बसतात. ओर्नोनंतरही पाणी आहे, आणि तेव्हा शेकोटीत घालायला लाकूड उरलेलं नसतं. उतोवर शेवटचे साडेतीन-चार किलोमीटर पळायचे. शेवट चढाचा आहे, त्याच खानावळीपाशी.

पहिलीच शर्यत म्हणून इथं जाणं मात्र शहाणपणाचं नाही, आणि सहजासहजी प्रवेश मिळतही नाही. ओतिलोच्याच मालिकेत बारा-पंधरा किलोमीटरच्या छोट्या शर्यती असतात; तिथून सुरुवात करावी. ठिकाण निवडताना स्वतःचं कच्चं अंग पाहावं. स्वित्झर्लंडमधल्या एंगादिनची तळी समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरवर आहेत. पाणी गार, हवा विरळ, पण लाटा आणि खारेपणा नाही. इंग्लंडच्या सिली बेटांवर पाणी खारट, भरती-ओहोटीचे प्रवाह खरे. क्रोएशियातल्या ह्वारचे दगड चुनखडीचे, धारदार, पण ग्रॅनाइटपेक्षा बुटाला जास्त धरणारे. लाटांची भीती वाटणाऱ्यानं तळी निवडावीत, थंडीची वाटणाऱ्यानं ह्वार. आणि जोडीनं उतरायचं तर नोंदणीचा अर्ज भरताना दोन नावं लागतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी जोडीदार.